रिलोड केला की राउटर कोरा: जुन्या सिस्को उपकरणांच्या घरच्या लॅबमधली परत परत येणारी अडचण

राउटरवर दोन-तीन तास खपून आयपी पत्ते, ओएसपीएफ (रूटिंग प्रोटोकॉल), एसीएल (रहदारी गाळणारे नियम) सगळं लावलं. ‘राइट मेमरी’ दिलं, कंसात ओके आलं. रात्री बोर्डावरचं बटण बंद केलं, किंवा मध्येच लाइट गेली. पुन्हा चालू केल्यावर राउटर विचारतो, इनिशियल कॉन्फिगरेशन डायलॉग सुरू करायचा का? होस्टनेम पुन्हा नुसतं ‘राउटर’. पुन्हा सगळं टाइप केलं, पुन्हा सेव्ह केलं, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

अशा वेळी बहुतेक जण एनव्हीरॅम (वीज गेल्यावरही कॉन्फिग जपणारी मेमरी) गेली असं ठरवून राउटर विक्रेत्याकडे परत घेऊन जातात. घाई करू नका. सीसीएनए या सिस्कोच्या परीक्षेच्या सरावासाठी घेतलेल्या १८४१, २८०१, २८११, १९४१, २९०१, २९११ या राउटरांत हार्डवेअर बहुतेक वेळा ठणठणीत असतं. अडलेलं असतं ते पासवर्ड तोडताना कोणीतरी बदललेल्या आणि तशाच राहिलेल्या एका सेटिंगवर. कार्यालयातून निवृत्त झालेलं उपकरण आपल्या जुन्या आयुष्याच्या खुणा चार ठिकाणी घेऊन येतं: एनव्हीरॅममधली स्टार्टअप कॉन्फिग (सेव्ह केलेली, बूट होताना वाचली जाणारी), कॉन्फिगरेशन रजिस्टर (बूट कसं व्हायचं हे ठरवणारा आकडा), फ्लॅशमधली व्हीलॅन.डॅट ही व्हीलॅनची (स्विचवरच्या आभासी नेटवर्कांची) फाइल आणि स्विचच्या बूटलोडरमधली व्हेरिएबल्स. ‘राइट इरेज’ यातलं फक्त पहिलं ठिकाण पुसतं. बाकीची तीन तशीच राहतात, म्हणून अडचण पुसूनही परत येते.

(कमांड इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना रोमनमध्येच करायच्या. ‘०एक्स’ने सुरू होणारे आकडे हेक्साडेसिमल आहेत.)

आधी निदान, मग टायपिंग

कोरा राउटर समोर आला की काहीही टाइप करण्याआधी डायलॉगला ‘नो’ म्हणा, ‘एनेबल’ करा आणि ‘शो स्टार्टअप-कॉन्फिग’ द्या. सगळं निदान या एका कमांडवर आहे. काल लावलेली कॉन्फिग तिथे अक्षर न् अक्षर दिसली, तर एनव्हीरॅम चांगली आहे आणि सेव्हही नीट झालं होतं. राउटर ती सुरू होताना वाचत नाही, एवढंच. त्याऐवजी ‘स्टार्टअप-कॉन्फिग इज नॉट प्रेझेंट’ आलं तर प्रकरण वेगळं आहे. ते शेवटच्या भागात पाहू.

दिसली असेल तर ‘शो व्हर्जन’ द्या आणि स्पेसबार दाबत अगदी शेवटच्या ओळीपर्यंत जा. तिथे ‘कॉन्फिगरेशन रजिस्टर इज ०एक्स२१४२’ असेल तर चोर सापडला. नेहमीची किंमत ०एक्स२१०२ असते. दोन्हींतला फरक ०एक्स४०, म्हणजे सहावा बिट. तो चढलेला असला की आयओएस (सिस्कोची ऑपरेटिंग सिस्टिम) बूट होताना स्टार्टअप कॉन्फिगकडे ढुंकूनही पाहत नाही. पासवर्ड माहीत नसलेला राउटर उघडण्याची अधिकृत पद्धत हीच आहे: रॉममॉनमध्ये (आयओएसच्या आधी चालणाऱ्या बूट प्रोग्रॅममध्ये) जा, ‘कॉन्फरेग ०एक्स२१४२’ द्या, ‘रिसेट’ करा. विक्रेता इथपर्यंत करतो, कोरा प्रॉम्प्ट दाखवतो आणि राउटर विकतो. रजिस्टर मागे फिरवायचं राहून जातं. लॅमिंग्टन रोडवर किंवा कुठेही जुना राउटर घेताना लॅपटॉप आणि कन्सोल केबल सोबत ठेवा आणि ही शेवटची ओळ दुकानातच बघा. पाच मिनिटांचं काम आहे.

दुरुस्ती, आणि तिच्यातले दोन खड्डे

दुरुस्ती सोपी आहे, पण क्रम चुकला तर हातात असलेली कॉन्फिगही जाते. या क्षणी रनिंग कॉन्फिग (आत्ता मेमरीत चालू असलेली) कोरी आहे आणि स्टार्टअप कॉन्फिग भरलेली. म्हणून आत्ता ‘राइट मेमरी’ मुळीच नको, कोरी पाटी भरलेल्या वहीवर छापली जाईल.

१. ‘कॉपी स्टार्टअप-कॉन्फिग रनिंग-कॉन्फिग’ द्या. होस्टनेम लगेच बदललेलं दिसेल.

२. ‘शो आयपी इंटरफेस ब्रीफ’ बघा. सगळे पोर्ट ‘अॅडमिनिस्ट्रेटिव्हली डाउन’ असतील. लागेल त्या प्रत्येक इंटरफेसवर ‘नो शटडाउन’ द्या.

३. ‘कॉन्फिगर टर्मिनल’, मग ‘कॉन्फिग-रजिस्टर ०एक्स२१०२’, मग ‘एंड’.

४. आता ‘राइट मेमरी’.

५. पुन्हा ‘शो व्हर्जन’. शेवटच्या ओळीत ‘०एक्स२१४२’ आणि पुढे कंसात ‘विल बी ०एक्स२१०२ अॅट नेक्स्ट रिलोड’ असं दिसलं पाहिजे. कंस नसेल तर कमांड लागलेली नाही.

६. ‘रिलोड’. वर आल्यावर एकदा मागचं बटण बंद करून अर्ध्या मिनिटाने चालू करा. नुसत्या रिलोडवर विश्वास ठेवू नका, थंड सुरुवातही बघा.

पहिला खड्डा दुसऱ्या पायरीत आहे. कॉपी केल्यावर पिंग जात नाही म्हणून लोक ओएसपीएफ तपासत बसतात. कारण साधं आहे. कॉपी म्हणजे बदली नव्हे, ती मिसळण आहे. राउटरचे पोर्ट मुळात शट असतात, आणि चालू पोर्टची ‘नो शटडाउन’ ही ओळ सेव्ह केलेल्या कॉन्फिगमध्ये लिहिलीच जात नाही. त्यामुळे मिसळताना पोर्ट उघडायला सांगणारं कोणी नसतं, आणि ते शटच राहतात.

दुसरा खड्डा जास्त महागात पडतो. घाईत कोणी पहिली पायरी न करता नुसतं रजिस्टर बदलतो आणि ‘रिलोड’ देतो. रजिस्टर बदललं तरी आयओएस ‘सिस्टिम कॉन्फिगरेशन हॅज बीन मॉडिफाइड. सेव्ह?’ असं विचारतो. तिथे सवयीने ‘यस’ दाबलं की कोरी कॉन्फिग एनव्हीरॅमवर लिहिली जाते. रजिस्टर सुधारतं, कॉन्फिग जाते. नुसतं रजिस्टर बदलायचं असेल तर उत्तर ‘नो’. रजिस्टर कॉन्फिग फाइलचा भाग नाही, ते वेगळं साठवलं जातं, त्यामुळे ‘नो’ म्हटलं तरी नवी किंमत टिकते. आणि याच कारणाने ‘राइट इरेज’ कितीही वेळा केलं तरी २१४२ हटत नाही.

राउटर प्रत्येक वेळी थेट रॉममॉनमध्ये थांबत असेल तर रजिस्टर ०एक्स२१०० असू शकतं. रॉममॉनमध्ये ‘कॉन्फरेग ०एक्स२१०२’ आणि ‘रिसेट’ द्या. रॉममॉनमध्ये ‘कॉन्फरेग’ आणि आयओएसमध्ये ‘कॉन्फिग-रजिस्टर’, हे दोन शब्द वेगळे आहेत. तरीही थांबला तर ‘डिर फ्लॅश:’ बघा. आयओएसची इमेज (फाइल) नसेल किंवा कॉम्पॅक्टफ्लॅश कार्ड प्रवासात सैल झालं असेल.

ब्रेक लागतच नाही

पासवर्ड तोडायचा तर बटण चालू केल्यापासून पहिल्या ६० सेकंदांत ब्रेक (राउटरला रॉममॉनमध्ये थांबवणारा कन्सोलवरचा संकेत) पाठवावा लागतो. आजच्या लॅपटॉपवर ब्रेकचं बटण नसतं. पुटीमध्ये खिडकीच्या वरच्या पट्टीवर उजवी क्लिक करून ‘स्पेशल कमांड’मधून ब्रेक पाठवा. स्वस्त यूएसबी-सीरियल अॅडॉप्टर कधी कधी ब्रेक पुढे पाठवतच नाहीत. जुन्या पीएल२३०३ चिपच्या अॅडॉप्टरना विंडोज ८ आणि पुढच्या आवृत्त्यांत ड्रायव्हरचाही त्रास आहे. शक्य असेल तर एफटीडीआय चिपचा घ्या. लॅबमध्ये या एका वस्तूवर काटकसर करू नये, कारण बाकीची प्रत्येक दुरुस्ती याच वाटेने होते.

ब्रेकशिवाय आत जायचे दोन खात्रीचे मार्ग आहेत. पहिला: टर्मिनलचा वेग १२०० करा, राउटर चालू करा आणि १० ते १५ सेकंद स्पेसबार दाबून धरा. ९६००ने ऐकणाऱ्या राउटरला १२००चं ते लांबलचक अक्षर ब्रेकसारखं भासतं. मग वेग ९६०० करून जोडा, रॉममॉनचा प्रॉम्प्ट तयार असेल. दुसरा: राउटर बंद असताना कॉम्पॅक्टफ्लॅश कार्ड काढून घ्या. इमेज सापडली नाही की राउटर स्वतःच रॉममॉनमध्ये उतरतो. कार्ड परत बसवून पुढचं काम करा.

‘पासवर्ड रिकव्हरी फंक्शनॅलिटी इज डिसेबल्ड’ असा संदेश आला तर आधीच्या प्रशासकाने ‘नो सर्व्हिस पासवर्ड-रिकव्हरी’ लावलेलं आहे. अशा राउटरवर इमेज उलगडून झाल्यानंतरच्या पाच सेकंदांत ब्रेक द्यायचा. तो फॅक्टरी स्थितीत जायचं का विचारतो, ‘वाय’ म्हणा. जुनी कॉन्फिग त्यात नष्ट होते. ते योग्यच आहे. ती कोणाच्या तरी चालत्या नेटवर्कची होती, तिच्यात पासवर्ड असतात, आणि वाचत बसण्यापेक्षा पुसणं हेच आपलं काम.

कन्सोलवर कचरा अक्षरं

९६००, ८ बिट, पॅरिटी नाही, १ स्टॉप बिट, फ्लो कंट्रोल नाही, एवढं करूनही चौकोन आणि प्रश्नचिन्हं दिसत असतील तर वेग ११५२०० करून बघा. कोणीतरी एक्समोडेमने (कन्सोल केबलवरून फाइल पाठवण्याच्या पद्धतीने) इमेज चढवताना वेग वाढवला आणि तसाच ठेवला. कारण समजण्यासारखं आहे: ३० एमबीची इमेज ९६००ने चढवायला नऊ तासांच्या वर लागतात, ११५२००ने पाऊण तास. राउटरवर याची खूण म्हणजे ०एक्स३९२२ हे रजिस्टर. ते ०एक्स२१०२ करा आणि वेग परत ९६००वर आणा. स्विचवर ती ‘बॉड’ या बूटलोडर व्हेरिएबलमध्ये असते, ‘स्विच:’ प्रॉम्प्टवर ‘अनसेट बॉड’ द्या. बूटचे पहिले संदेश स्वच्छ दिसून नंतर मध्येच कचरा सुरू होत असेल तर ‘लाइन कन्सोल ०’खाली ‘स्पीड’ची ओळ शोधा.

स्विचची गोष्ट वेगळी

कॅटॅलिस्ट २९६०, ३५६०, ३७५० यांत कॉन्फिग फ्लॅशमध्ये कॉन्फिग.टेक्स्ट या फाइलमध्ये असते. इथे रजिस्टरचा खेळ चालत नाही. २९६०चा पासवर्ड तोडायला वीज लावताना समोरचं मोड बटण दाबून धरा, सिस्टचा दिवा क्षणभर पिवळसर होऊन स्थिर हिरवा झाला की सोडा. मग ‘फ्लॅश_इनिट’, ‘रीनेम फ्लॅश:कॉन्फिग.टेक्स्ट फ्लॅश:कॉन्फिग.टेक्स्ट.ओल्ड’, ‘बूट’.

स्विच दर वेळी ‘स्विच:’ प्रॉम्प्टवरच थांबत असेल तर एकदा हाताने ‘बूट’ देऊन आत जा आणि ‘शो बूट’ बघा. ‘मॅन्युअल बूट’समोर ‘यस’ असेल तर ‘नो बूट मॅन्युअल’. बूटच्या मार्गात फ्लॅशवर नसलेल्या फाइलचं नाव असेल तर ‘बूट सिस्टिम’ने खरं नाव द्या.

कॉन्फिग अधूनमधून, कसलाही नेम नसताना उडत असेल तर मोड बटणाकडे बघा. चालू स्विचवर ते सुमारे दहा सेकंद दाबलं गेलं की स्विच रीस्टार्ट होऊन फॅक्टरी स्थितीत जातो. फ्लॅशमध्ये कॉन्फिग.टेक्स्ट.रीनेम्ड ही फाइल सापडली तर हेच घडलं आहे, आणि तुमची कॉन्फिग तिच्यात सुरक्षित आहे. घरी रॅक नसतो. उपकरणं एकावर एक रचलेली असतात, पुढे केबलींचा गुंता असतो. ४८ पोर्टच्या ३६५० आणि ३८५० स्विचमध्ये तर केबलच्या प्लगवरचं रबरी टोपणच मोड बटण दाबू शकतं, आणि सिस्कोने तशी अधिकृत सूचना काढली होती. उपाय: ‘नो सेटअप एक्सप्रेस’. ३६५० आणि ३८५०वर कॉन्फिग प्रत्येक बूटला गायब होत असेल, तर तिथे राउटरच्या २१४२चा भाऊ बसलेला असतो. पासवर्ड तोडताना लावलेलं ‘स्विच_इग्नोर_स्टार्टअप_सीएफजी’ व्हेरिएबल १ वर राहिलेलं असतं. ‘नो सिस्टिम इग्नोर स्टार्टअपकॉन्फिग स्विच ऑल’ आणि मग ‘राइट मेमरी’.

व्हीलॅन कुठून येतात, कुठे जातात

‘राइट इरेज’ करून रिलोड केला, तरी ‘शो व्हीलॅन ब्रीफ’मध्ये ‘अकाउंट्स’, ‘सीसीटीव्ही’ असे परके व्हीलॅन दिसतात. ते व्हीलॅन.डॅटमधून येतात आणि ती फाइल वेगळी पुसावी लागते: ‘डिलीट फ्लॅश:व्हीलॅन.डॅट’. इथे बोटाची चूक फार वेळा होते. स्विच आधी फाइलचं नाव विचारतो आणि कंसात व्हीलॅन.डॅट दाखवतो. तिथे ‘वाय’ टाइप केलं तर तो ‘वाय’ नावाची फाइल शोधतो, आणि व्हीलॅन.डॅट जागच्या जागी राहते. दोन्ही प्रश्नांना फक्त एंटर. ‘इरेज फ्लॅश:’ मात्र कधीही नको, त्याने आयओएसच जाईल.

ही फाइल न पुसण्याचं नुकसान एका स्विचपुरतं राहत नाही. व्हीटीपीचं (स्विचांमध्ये व्हीलॅनची यादी वाटणाऱ्या प्रोटोकॉलचं) डोमेन आणि रिव्हिजन क्रमांकही तिच्यात असतात. रिव्हिजन ८७ असलेला जुना स्विच तुमच्या रिव्हिजन १२च्या लॅबला ट्रंकने (अनेक व्हीलॅन नेणाऱ्या दुव्याने) जोडला आणि डोमेनचं नाव व पासवर्ड जुळले, तर सगळे स्विच त्याची यादी खरी मानतात आणि तुमचे व्हीलॅन पुसले जातात. तो स्विच क्लायंट मोडमध्ये असला तरी हे घडतं. तुमच्या स्विचवर डोमेनचं नाव दिलेलंच नसेल तर धोका वाढतो, कारण ट्रंकवर ऐकू आलेलं पहिलं नाव ते आपलंसं करतात. नवा आलेला स्विच एकटा ठेवून, एकही केबल न लावता, व्हीलॅन.डॅट पुसा, रिलोड करा, ‘शो व्हीटीपी स्टेटस’मध्ये रिव्हिजन ० झाल्याचं बघा, आणि मगच जोडा. व्हीटीपीचाच सराव चालू नसेल तर सगळ्या स्विचवर ‘व्हीटीपी मोड ट्रान्सपरंट’ ठेवावं. त्याने व्हीलॅन रनिंग कॉन्फिगमध्येही दिसतात आणि बॅकअप घेताना हातात राहतात.

१८४१मध्ये चार पोर्टचं स्विच मॉड्युल असेल तर त्याचे व्हीलॅनही कॉम्पॅक्टफ्लॅशवरच्या व्हीलॅन.डॅटमध्ये असतात. कार्ड बदललं की तेही बदलतात.

तारीख आणि एसएसएच

२९६० आणि ३५६०ला बॅटरीवरचं घड्याळ नसतं. प्रत्येक बूटला तारीख १ मार्च १९९३पासून सुरू होते. हा बिघाड नाही. लॅबमधला एक राउटर ‘एनटीपी मास्टर’ करा आणि बाकीच्यांना त्याच्याकडे वळवा. घड्याळ बरोबर झालं की जुन्या आयओएसवर एचटीटीपीएस बंद पडलेलं दिसेल, कारण त्यांची स्वतःच सही केलेली प्रमाणपत्रं १ जानेवारी २०२०ला संपली आणि नवी बनत नाहीत. एसएसएच त्यावर अवलंबून नाही.

एसएसएच अडतं ते दुसऱ्या कारणाने. इमेजच्या नावात ‘के९’ नसेल तर एसएसएच मुळातच नाही. असेल तर आरएसए की २०४८ बिटची बनवा. आजचा ओपनएसएसएच जुने डिफी-हेलमन गट, एसएसएच-आरएसए आणि सीबीसी सायफर आपणहून नाकारतो, त्यामुळे लॅबच्या पत्त्यांपुरती त्यांना क्लायंटच्या कॉन्फिगमध्ये परवानगी द्या, सगळ्या जगासाठी नको.

खरंच एनव्हीरॅम गेली असेल तर

आता राहिला तो प्रकार, जिथे ‘शो स्टार्टअप-कॉन्फिग’ने काहीच दाखवलं नव्हतं. आधी सेव्ह होताना आलेला संदेश वाचा. ‘डिव्हाइस ऑर रिसोर्स बिझी’ आला असेल तर दुसऱ्या टेलनेट सत्रात कोणीतरी स्टार्टअप कॉन्फिग उघडून ‘मोअर’वर थांबलेलं आहे. ते सत्र बंद करा. ‘नेटवर्क-कॉन्फग’ फाइल टीएफटीपीवर मिळाली नाही असे संदेश वारंवार येत असतील तर ते कोऱ्या राउटरचं लक्षण आहे, कारण नव्हे. ‘नो सर्व्हिस कॉन्फिग’ने ते थांबतात.

मग तीन टप्प्यांत तपासा. ‘राइट मेमरी’नंतर लगेच ‘शो स्टार्टअप-कॉन्फिग’. दिसली तर ‘रिलोड’ करून पुन्हा. दिसली तर दहा मिनिटं वीज काढून पुन्हा. पहिल्या दोन्हींत दिसून तिसऱ्यात गेली, रजिस्टर २१०२ असूनही, तर दोष खरोखर बोर्डात आहे. १८४१ किंवा २८११साठी बोर्ड दुरुस्त करून घेण्यात पैसे घालू नका.

पण फेकूही नका. एनव्हीरॅममध्ये कॉन्फिग टिकत नसली तरी फ्लॅश शाबूत आहे. ‘कॉपी रनिंग-कॉन्फिग फ्लॅश:लॅब.सीएफजी’ करून ठेवा, ती फाइल संगणकावर उतरवून प्रत्येक इंटरफेसखाली ‘नो शटडाउन’ हाताने लिहा आणि परत चढवा. बूट झाल्यावर ‘कॉपी फ्लॅश:लॅब.सीएफजी रनिंग-कॉन्फिग’ या एका ओळीत राउटर उभा राहतो. असा राउटर लॅबमध्ये आयएसपीच्या जागी बसवावा: दोन इंटरफेस, एक लूपबॅक, दोन स्टॅटिक रूट. त्याची कॉन्फिग क्वचितच बदलते, आणि डिफॉल्ट रूट व नॅटचा सराव करायला समोर कोणीतरी लागतोच.